हवेचे माप

धान्य मापून घ्यावे, कापड मोजून घ्यावे, दूध मापाने घ्यावे, ही व्यवहाराची रीत घरोघर माहीत असते. हवा मात्र कोणी मोजून घेत नाही. ती फुकट मिळते, आणि फुकटच्या वस्तूचा हिशेब ठेवण्याची सवय माणसाला नाही. परंतु ज्या इमारतीच्या खिडक्या कायमच्या बंद आहेत, जिच्यात हवा यंत्राने गाळून, थंड करून, पत्र्याच्या वाहिन्यांतून दालनादालनांत पोहोचवावी लागते, तेथे ती फुकट राहत नाही. तिच्या प्रत्येक घनफुटामागे विजेचा आकार उभा असतो. असे असूनही अशा इमारतीत आयुष्याचा मोठा भाग घालविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपल्या वाट्यास किती हवा येते हे ठाऊक असते. यंत्र बसवून देणाऱ्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते, ही त्याहून चमत्कारिक गोष्ट होय.

बंगळूर शहराला वातानुकूलनाची गरजच काय, असे जुन्या पिढीतील माणूस विचारील. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर, म्हणजे तीन हजार फूट उंचीवरील हे गाव आपल्या सौम्य हवेबद्दल प्रसिद्ध होते, आणि अजूनही आहे. पण काचेच्या भिंतींच्या कचेरीत शेकडो माणसे आणि तितकीच गणकयंत्रे दाटीने बसविली, म्हणजे बाहेर कितीही शीतल वारा वाहत असला तरी आत उष्णता साचतच राहते. ती बाहेर नेण्याचे काम यंत्राला करावे लागते. मग एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. दालनाच्या एका टोकाला लोक शाल पांघरून बसतात, दुसऱ्या टोकाला रुमालाने घाम टिपतात, आणि दोन्ही टोकांकडून तक्रारीचे फोन एकाच मेकॅनिककडे जातात. गॅस कमी झाला, यंत्र लहान पडले, अशी निदाने केली जातात. यंत्राचा बहुधा काही दोष नसतो. हवा पुरेशी असून तिची वाटणी बिघडलेली असते, किंवा वाटणी ठीक असून हवाच कमी असते. यांपैकी कोणते खरे, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही.

यंत्राचे काम मुळात हमालीचे आहे. दालनातील उष्णता हवेच्या पाठीवर घालून ती थंड नळ्यांच्या जाळीपर्यंत, म्हणजे कॉइलपर्यंत आणावयाची, तेथे उतरवून ठेवावयाची आणि मोकळी झालेली हवा पुन्हा दालनात पाठवावयाची. वातानुकूलन यंत्राचे सामर्थ्य ‘टना’त सांगतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो तितकी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. अशा एका टनामागे दर मिनिटास ४०० घनफूट हवा कॉइलवरून गेली पाहिजे, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. दहा टनांच्या यंत्राला ४,००० घनफूट. हवा याहून फार कमी झाली, तर कॉइल अतिथंड होऊन तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने वाट आणखी अडते, आणि थंड करणारे यंत्रच गोठून बसते. उलट कॉइलच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरांच्या फार वर गेला, तर कॉइलवर जमलेले पाण्याचे थेंब वाऱ्याबरोबर उडून वाहिनीत शिरतात आणि छताला ओल येते. शिवाय घाईने गेलेली हवा आपला दमटपणा पुरता टाकीत नाही. हवा कोरडी करणे हा या विद्येचा केवळ जोडधंदा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी पहिली रचना आखली, ती दमट हवेत कागद फुगून रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नव्हते म्हणून. माणसांच्या सुखाचा विचार मागाहून आला.

हवा मोजावयाची कशी? तिला हातात धरता येत नाही. मग तिचा वेग काढावयाचा आणि वाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावयाचे. वेग काढण्याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे पितो नलिका. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीत काटकोनात वाकविलेली एक काचेची नळी धरली. तिचे तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला केले तेव्हा नळीतील पाणी नदीच्या पातळीच्या वर चढले; प्रवाह जितका वेगवान, तितके ते अधिक चढले. पुढे गटिंगेन येथील लुडविग प्रांट्ल यांनी समोरून आदळणारा दाब व बाजूचा स्थिर दाब एकाच वेळी टिपणारी सुबक दुहेरी नळी रूढ केली. वातानुकूलनाचा मेकॅनिक पत्र्याच्या वाहिनीला भोक पाडून आत सरकवितो ती हीच नळी. दोन दाबांतील फरक त्याचा मॅनोमीटर दाखवितो. तो अगदी थोडा असतो. चारपाच मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. त्या फरकाला दोनाने गुणून हवेच्या घनतेने भागावयाचे आणि वर्गमूळ काढावयाचे, की वेग मिळतो.

‘हवेच्या घनतेने भागावयाचे’ हे तीन शब्द बोलताना सहज निसटून जातात, पण बंगळूरचा सारा प्रश्न त्यांत दडलेला आहे. मुंबईत वायुभार सुमारे १,०१० मिलिबार असतो, तर बंगळुरात तो सुमारे ९१०. दालनातून परत येणारी २४-२५ अंशांची हवा घेतली, तर समुद्रकाठी तिचा एक घनमीटर सुमारे १.१९ किलोग्रॅम भरतो, बंगळुरात सुमारे १.०७. दहातला एक भाग कमी! हा फरक श्वास घेणाऱ्याला जाणवत नाही. उपकरणांना तो जाणवतो. पण प्रत्येकाला निराळ्या रीतीने, आणि खरी गंमत तेथेच आहे.

समजा, बंगळुरातील एका वाहिनीत हवा सेकंदाला साधारण ८.६ मीटर वेगाने वाहते आहे, आणि तीन मेकॅनिक तीन उपकरणे घेऊन तेथे आले. पहिल्याच्या हाती फिरत्या पात्यांची चक्री आहे. चक्रीला हवेच्या वजनाशी फारसे कर्तव्य नसते. वारा जितक्या वेगाने जाईल तितक्या वेगाने ती फिरते. ती ८.६ दाखवील. दुसऱ्याजवळ पितो नलिका आहे आणि तिच्या मॅनोमीटरात समुद्रसपाटीची प्रमाण हवा, घनमीटरला १.२ किलोग्रॅम, कारखान्यातूनच गृहीत धरलेली आहे. विरळ हवा नळीवर हलकेच आदळते. म्हणून ते उपकरण ८.१ म्हणेल. तिसऱ्याजवळ तापलेल्या तारेचे उपकरण आहे. तार वाऱ्याने किती निवते यावरून ते वेग सांगते, आणि तार निवते ती हवेच्या वजनाच्या प्रवाहाने. तेथे ७.६ उमटेल. एकच वाहिनी, एकच वारा, तीन आकडे. आणि तिघेही प्रामाणिक. असे प्रसंग आले की आवाज चढतात, ‘तुमचे यंत्र तपासून आणा’ असे एकमेकांस सुनावले जाते. वास्तविक यांतील एकही उपकरण बिघडलेले नाही. प्रत्येकाने वेगळ्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, इतकेच.

मग यांतला कोणता आकडा धरावयाचा? ज्या कामासाठी हवा हवी असेल त्यावर ते अवलंबून आहे. उष्णता वाहून न्यावयाची असेल तर हवेचे वजन महत्त्वाचे. हमाल दहा टक्के अशक्त झाला, तर तितकेच ओझे नेण्यास अधिक हमाल लागणार. समुद्रकाठी ज्या यंत्राला मिनिटास ४,००० घनफूट हवा पुरते, त्याला बंगळुरात त्याच कामासाठी सुमारे ४,४५० घनफूट पाहिजे. आराखडा मुंबईच्या कोष्टकावरून केला, चक्रीने ४,००० मोजले आणि ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली, तर उन्हाळ्याच्या दुपारी ते दालन थंड होणार नाही, आणि कागदोपत्री दोष कोठेच सापडणार नाही. याच्या उलट, जेथे धूळ, धूर किंवा रोगजंतू धुऊन काढावयाचे असतात तेथे घनफळ महत्त्वाचे; खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलली हा तेथील हिशेब असतो, आणि त्यात उंचीची दुरुस्ती लागत नाही. पितो नलिकेचा न सुधारलेला आकडा तर दोन्हीकडे चुकतो. तो खऱ्या घनफळापेक्षा कमी आणि खऱ्या वजनापेक्षा अधिक सांगतो.

हे गणित बंगळूरला नवे नाही. विमानाचा वेगदर्शकही पितो नलिकेवरच चालतो, आणि उंच आकाशातील विरळ हवेत तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो हे प्रत्येक वैमानिकाला पहिल्या धड्यात शिकवितात. या शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला. तेथे शिकविणाऱ्यांत कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे होते. त्यांनी गटिंगेनला जाऊन प्रत्यक्ष प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली होती. आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली उडाले. प्रांट्ल यांच्या शिष्याने जेथे विमाने घडविली, त्या गावात कचेऱ्यांच्या छतामागे प्रांट्ल यांचीच नळी समुद्रसपाटीच्या कोष्टकाने वाचली जावी, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा की नुसता आळस, हे ज्याचे त्याने ठरवावे.

घनतेचा हिशेब नीट केला तरी मोजणी संपत नाही. वाहिनीत वारा सर्वत्र एकसारखा वाहत नाही. पत्र्याच्या कडेला तो रेंगाळतो, मध्यभागी धावतो, आणि कोपरा वळल्यावर तर एका बाजूला झेपावून दुसऱ्या बाजूला उलटा फिरतो. म्हणून छेदाचे लहान लहान चौकोन कल्पून पंचवीस-तीस ठिकाणी वाचन घ्यावे लागते. सरासरी काढताना दाबांची सरासरी काढून मग वर्गमूळ घेणे ही नेहमीची चूक. आधी प्रत्येक वेग काढावा, मग सरासरी. वाचनाची जागा कोपऱ्यापासून वाहिनीच्या रुंदीच्या सातआठ पट दूर, सरळ भागात असावी असे शास्त्र सांगते. खोट्या छतामागे तुळया, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा यांतून वाट काढणाऱ्या वाहिनीत असा सरळ भाग शोधणे म्हणजे बंगळूरच्या रस्त्यावर सायंकाळी सहा वाजता मोकळी जागा शोधण्यासारखेच आहे. मग जिथे जमेल तिथे वाचने वाढवावयाची, आणि छतातल्या प्रत्येक तोंडाशी कापडी छत्री लावून मोजलेल्या हवेच्या बेरजेशी ताळा पाहावयाचा. बेरीज वाहिनीतल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली, तर मधली हवा सांध्यांतून गळते आहे हे उघड होते.

आता वाटणी. एका फांदीवर तीन तोंडे आहेत आणि प्रत्येकाला ३०० घनफूट हवा ठरलेली आहे, असे धरू. मोजल्यावर पंख्याजवळच्या तोंडातून ३९०, मधल्यातून ३००, टोकाच्या तोंडातून २१० निघतात. बेरीज ९००, अगदी आराखड्याप्रमाणे. तरी एकीकडे शाल आणि दुसरीकडे रुमाल! नवखा माणूस टोकाच्या तोंडाकडे धावतो; तेथे उघडण्यासारखे काही उरलेलेच नसते. जाणता माणूस आकडे टक्क्यांत मांडतो: १३०, १०० आणि ७०. सर्वांत दुबळ्याला तो हात लावीत नाही. त्याचा डँपर पूर्ण उघडा ठेवतो. मग मधला डँपर थोडा मिटतो. तेथून अडलेली हवा पुढे सरकते आणि टोकाचा आकडा वर येतो. दोघे सारख्या टक्क्यांवर आले की थांबतो. नंतर पहिला डँपर मिटून त्याला त्या दोघांच्या पंक्तीत आणतो. तिघे एकदा प्रमाणात बसले, म्हणजे मुख्य वाहिनीत पुढे कितीही वाढघट झाली तरी त्यांचे आपसांतले प्रमाण बिघडत नाही. या पद्धतीचे सारे शहाणपण एवढ्यातच आहे, आणि ते भाऊबंदांच्या वाटणीतही उपयोगी पडावे. ठरलेल्या मापाच्या दहा टक्के आतबाहेर आले, तर व्यवहारात ते पुरेसे मानतात.

डँपर मिटल्याने एकंदर अडथळा थोडा वाढतो. त्यामुळे तिन्ही तोंडे शंभराऐवजी पंच्याण्णव टक्क्यांवर स्थिरावतात, असे समजा. मग पंख्याची गती वाढवावी लागते. पूर्वी पट्ट्याची पुली बदलून, आता बहुधा विजेची वारंवारता बदलणाऱ्या यंत्राने. येथे सावधपणा हवा. हवा गतीच्या प्रमाणात वाढते, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात, पण वीज घनाच्या प्रमाणात. गती पाच टक्के वाढविली तर वीज सुमारे सोळा टक्के अधिक लागते. दहा टक्के वाढविली तर तेहतीस टक्के. म्हणून पंख्याला हात लावण्यापूर्वी मळलेला फिल्टर बदलणे आणि गळके सांधे बुजविणे केव्हाही स्वस्त. बंगळुरात आणखी एक बारकावा आहे. त्याच गतीचा पंखा तेथेही तितकेच घनफूट ढकलतो, पण हवा हलकी असल्यामुळे मोटर सुमारे दहा टक्के कमी वीज घेते. आँपिअरचा काटा खाली पाहून मोटरीत भरपूर शक्ती शिल्लक आहे असा समज होतो. पण मोटर निवविणारी हवाही तितकीच विरळ असते. मोटरींची छापील शक्ती सामान्यतः एक हजार मीटर उंचीपर्यंत ग्राह्य धरतात. बंगळूर त्या रेषेच्या अगदी थोडे अलीकडे राहते.

कचेरीत चुकलेल्या वाटणीची किंमत शाल आणि रुमाल यांवर भागते. रुग्णालयात ती तशी भागत नाही. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला निदान वीस वेळा बदलली पाहिजे आणि त्यांतील चार वेळांइतकी हवा बाहेरची ताजी असली पाहिजे, असे प्रचलित मानक आहे. सहा मीटर लांब, सहा रुंद आणि तीन उंच अशा खोलीला याप्रमाणे तासाला २,१६० घनमीटर हवा लागते. शिवाय तेथे येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवावी लागते, म्हणजे आतला दाब ओवरीपेक्षा किंचित जास्त राहतो आणि दाराच्या फटीतून हवा नेहमी बाहेरच वाहते. हा फरक अडीच पास्कल, म्हणजे पाव मिलिमीटर पाण्याएवढा. फुंकरीनेही मोडेल इतका तो नाजूक. शेजारच्या खोलीत कोणाला वारा लागतो म्हणून एखाद्या जाळीवर पुठ्ठा चिकटविला, किंवा फिल्टर महिनाभर बदलला नाही, तर हा तोल ढळतो आणि बाहेरची धूळ, बाहेरचे जंतू उघड्या जखमेकडे ओढले जातात. गारवा तसाच राहतो. म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. क्षयाच्या किंवा तशाच हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णाची खोली असेल, तर सारे नेमके उलटे हवे: आतला दाब कमी, फटीतून हवा आत. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा अनेक रुग्णालयांना नेहमीच्या खोल्या अशा उलट्या वाऱ्याच्या कराव्या लागल्या, आणि कोणत्या खोलीत किती हवा येते व किती जाते हा प्रश्न एकाएकी जीवनमरणाचा झाला.

दिशा पाहण्यास मात्र महाग उपकरण लागत नाही. दाराच्या फटीशी टिश्यू कागदाची पट्टी धरली, तरी ती वारा कोणीकडे जातो हे सांगते. कचेरीत उदबत्तीही चालते, आणि बंगळुरात उदबत्तीला काय तोटा! शस्त्रक्रियागृहात अर्थातच तिचा धूर नको.

ताजी हवा मोजण्याचीही अशीच एक साधी युक्ती आहे, आणि ती बंगळूरच्या हवेला चांगली मानवते. जानेवारीच्या सकाळी बाहेर १६ अंश आहेत, दालनातून परत येणारी हवा २५ अंशांची आहे, आणि दोहोंचे मिश्रण कॉइलपूर्वी २२ अंशांचे भरले. पंचविसावरून सोळापर्यंत नऊ अंशांचे अंतर; त्यांतले तीन अंश मिश्रण खाली आले. म्हणजे तिसरा हिस्सा हवा बाहेरची. एका तापमापकावर काम झाले. दुपारी बाहेर २६ आणि आत २५ असताना मात्र ही युक्ती फसते. एका अंशाच्या फरकात तापमापकाची स्वतःची चूकच मोठी ठरते. त्या थंड सकाळी बाहेरच्या हवेचा डँपर पूर्ण उघडून थंडी करणारे यंत्र बंद ठेवता येते, आणि निसर्गाने दिलेला गारवा केवळ पंख्याच्या खर्चात मिळतो. वर्षातले असे तास या शहराला पुष्कळ लाभतात. ते पदरात पाडून घ्यावयाचे तर तो डँपर खरोखर हलतो की गंजून एका जागी बसला आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आणि तो बहुधा बसलेला असतो.

काम पुरे झाले की चांगला मेकॅनिक प्रत्येक डँपरच्या दांड्यावर रंगाची रेघ ओढतो, म्हणजे पुढे कोणी तो हलविला तर ओळखू येते. मग तो पंख्याच्या खोलीत एक तक्ता टांगतो. त्यावर प्रत्येक तोंडाचे ठरलेले व मोजलेले माप, पंख्याचे फेरे, मोटरीचे आँपिअर, फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब, आणि मोजणी कोणत्या उपकरणाने केली त्याचे नाव असते. बंगळुरात त्या तक्त्याच्या माथ्यावर आणखी एक ओळ लिहावी लागते: वायुभार ९१० मिलिबार, हवा २५ अंश, घनता १.०७.